एका घरची एक सुई

पिंगळीहून आमच्या गावाकडं वळणाऱ्या फाट्यावर मुंजाजी डॉक्टरचा फ्लेक्स लागलाय. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला अष्टगंध, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘गोरगरिबांचा देवदूत हरपला’. त्याच्याखाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. परवा एस.टी.तून तो फ्लेक्स दिसला आणि माझ्या तोंडात कडू आलं.

त्याच संध्याकाळी उपसरपंचांचा फोन आला. ‘बाई, तेराव्याला डॉक्टरसायबावर चार शब्द छापून वाटायचेत. तुमी त्यांच्या दारासमोरच राहिलेल्या. तुमीच लिवा.’

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. लिहायला बसले तेव्हा कळलं की मी जे लिहीन ते तेराव्याला वाटण्यासारखं नाही. तरी लिहिते आहे. गावाचं नाव मात्र घालत नाही. घातलं की जिल्ह्यातली बाकीची गावं स्वतःला स्वच्छ समजतील. आणि आणखी एक. सगळं गाव त्याला अहोजाहो करायचं, तोंडावर मीही करायची. इथं मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे.

मी या गावच्या शाळेत बदलून आले तेव्हा मला भाड्यानं मिळालेली खोली बरोबर त्याच्या दवाखान्यासमोर होती. मध्ये फक्त गल्ली आणि गल्लीच्या मधोमध वाहणारी मोरी. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं लिंबाचं झाड. झाडाखाली दोन-तीन बाजा. फांद्यांना तारेचे आकडे बांधलेले, त्या आकड्यांना सलाईनच्या बाटल्या लटकलेल्या, आणि खाली बाजेवर माणसं निपचित. कोंबड्या बाजेखालून फिरायच्या. सलाईनची नळी एखाद्या लेकराच्या पायात अडकली की अख्खी फांदी हलायची. मी पहिल्या दिवशी चहाचा कप घेऊन दारात आले आणि ते दृश्य बघून तशीच आत गेले.

मुंजाजी कोण, तर परभणीतल्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडचा कंपाउंडर. ते डॉक्टर म्हातारपणी पुण्याला मुलाकडं गेले आणि हा त्यांची जुनी पेटी घेऊन गावी आला. आला तो डॉक्टर होऊनच आला. कुणी कागद विचारला नाही. विचारायचं कशाला, त्याच्याकडं सुई होती. आमच्याकडं औषध म्हणजे सुई. गोळी लिहून देणारा डॉक्टर लोकांना अर्धवट वाटतो. आरोग्य केंद्रात जाऊन आलेल्या बाया माझ्या ओट्यावर बसून सांगायच्या, ‘काय न्हाई माय, नुसत्या गोळ्या देल्या अन् पाणी उकळून प्या म्हणली. सुई बी न्हाई मारली.’ आणि लगेच उठून समोर जायच्या.

त्याचा हात मऊ होता असं सगळे म्हणत. आवाजही मऊ. कुणीही दारात आलं की ‘ये माय, बस. काय होयलंय? काळजी करायची न्हाई, मी हाय न.’ हे ‘मी हाय न’ तो असं काही म्हणायचा, की तापानं फणफणलेलं माणूस तिथंच अर्धं बरं व्हायचं. प्रत्येकाशी त्याचं नातं. कुणी त्याची आत्या, कुणी मामा. नाडी बघताना तो डोळे मिटून घ्यायचा. नंतर सुईचं टोपण दातांनी ओढून काढायचा, ते टोपण तोंडात तसंच धरून दंडात सुई खुपसायचा, आणि टोपण पुन्हा लावताना स्वतःच्या बोटाला टोचून घ्यायचा. टोचलं की बोट चोखायचा आणि पुढच्याची नाडी धरायचा. दिवसातून कितीदा तरी मी हे दारातून पाहिलंय. 

आणि हाच माणूस चहाच्या बाबतीत कमालीचा शुचिर्भूत. फाट्यावरच्या हॉटेलात गेला की पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढायचा. तो गिलास फडक्यात गुंडाळलेला असायचा. हॉटेलवाल्यानं आधी उकळत्या पाण्यानं विसळायचा, मग त्यात चहा ओतायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, ‘दुसऱ्याच्या तोंडाचं मला चालत न्हाई बाई. किळस येती.’  मी पिशवी उचलली आणि शाळेत गेले.

जुन्या माणसांकडून कळलं, की सुरुवातीला त्याच्याकडं काचेच्या सिरींजा होत्या आणि तो त्या स्टोव्हवर पातेल्यात उकळायचा. स्टोव्हचा फरफर आवाज आला की दवाखाना उघडला असं गाव समजायचं. मग प्लॅस्टिकच्या सिरींजा आल्या. प्लॅस्टिक उकळलं तर वाकतं, म्हणून उकळणं बंद झालं. एकदा वापरून फेकायचं असतं, ते काही सुरू झालं नाही. नवी फेकायची म्हणजे लोकांनाही जिवावर यायचं. चांगली चालती सुई फेकून देणारा डॉक्टर त्यांना उधळ्या वाटला असता.

मग त्यानं एक नियम काढला. या नियमावर गाव इतकं खूश होतं, की बाहेरच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायचं. एका घरची एक सुई. प्रत्येक घराची सिरींज वेगळी. ती त्या घरानं स्वतःकडं ठेवायची, येताना घेऊन यायची, जाताना घेऊन जायची. सुई वाकली किंवा बोथट होऊन आत जाईनाशी झाली, की नवी. लोक खिशातून डबी काढून म्हणायचे, ‘डॉक्टर, आमची आणलीय.’ गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या राधाबाई त्यांच्या घरची सुई देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवायच्या. सणावाराला त्या डबीलाही बोट लावायच्या कुंकवाचं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

‘एका ताटात जेवणारी माणसं,’ मुंजाजी मला समजावून सांगायचा, मी तिसरीतलं पोर असल्यासारखं. ‘एका रक्ताची. घरच्याचं घरच्याला काय व्हतंय बाई? पण एका घरची सुई मी दुसऱ्या घराला कदी लावली न्हाई. आपलं इमान हाय.’

‘आणि सुना?’ मी विचारलं. ‘सून कुठून एका रक्ताची?’

‘लगीन लागलं की झाली,’ तो म्हणाला आणि हसला. बाजेवरची माणसंही हसली.

या नियमात आणखी एक गोम होती, ती कुणी मोठ्यानं बोलत नसे. या वस्तीची सुई त्या वस्तीला लागत नव्हती. वरच्या आळीतल्या माणसांना याचंच जास्त समाधान होतं. म्हणजे माणसांनी शिवाशिव इतकी नेकीनं पाळली, की ती सुईपर्यंत नेली, आणि घराच्या आत मात्र जे व्हायचं ते खुशाल होऊ दिलं. आजार घरातल्या घरात फिरत राहिला. शेजारच्या घरात कुणाला काही नाही, म्हणून संसर्गाचा संशय कुणाला आलाच नाही. गाव म्हणायचं, ‘त्यांच्या खानदानातच कावीळ हाय.’

राधाबाईंच्या घराबद्दल तेच म्हणायचे. त्यांचे मालक पोटात पाणी होऊन गेले. थोरला मुलगा, ऐन उमेदीतला, तसाच गेला. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले. त्यानं आयुष्यात दारू घेतली नव्हती, पण पोट फुगलं म्हणजे दारूच, असं समजून शेवटी शेवटी भावकीनं त्याच्या तोंडावर त्याला टोमणे मारले. मुंजाजी रोज येऊन त्याला ताकदीची सुई द्यायचा, घरची, देवळीतली. त्याच सुईनं मग घरातल्या बाकीच्यांनाही, दमलेत बिचारे म्हणून. थोरला गेला तेव्हा तिरडीला पहिला खांदा मुंजाजीनं दिला आणि लहान मुलासारखा रडला. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. तो माणूस खरोखर रडत होता, आणि म्हणूनच मला जास्त शिसारी येते.

घरात आता राधाबाई, धाकटा ज्ञानोबा आणि त्याची बायको आशा. आशा गंगाखेडकडची, बारावी झालेली, बोलायला चुरचुरीत. सकाळी मला दूध घालायला यायची आणि पातेलं भरेस्तोवर चार बातम्या सांगून जायची. त्या घरातली सुईची पंगत मी तिच्याकडूनच ऐकली. सगळे मिळून ‘ताकदीची’ घ्यायला जात. आधी सासरे होते तेव्हा सासरे, मग दोन्ही मुलं, मग राधाबाई, आणि सगळ्यात शेवटी सून. जेवायला बसतात तोच क्रम.

‘माझ्यापस्तोर येईस्तोर सुई आतच जात न्हाई बाई,’ आशा दंड चोळत म्हणायची. ‘रेटावं लागतं. डॉक्टर म्हणत्यात, सुनंची कातडी जाड हाय.’ आणि ती हसायची. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, ‘तू घेऊ नकोस गं. परभणीला चल माझ्याबरोबर.’ तर म्हणाली, ‘घरातल्या सगळ्यांनी घेतली अन् मी न्हाई घेतली तर कसं दिसंल?’

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. करोनाच्या वेळी गावातून सगळी सरकारी माणसं नाहीशी झाली होती. उपकेंद्राच्या कुलपाला गंज चढला. लोक सख्ख्या भावाच्या दारात उभे राहत नव्हते. तेव्हा हा मुंजाजी तोंडाला पंचा बांधून घरोघर फिरला, लोकांच्या कपाळाला हात लावला, ‘मी हाय न’ म्हणाला. त्या दिवसांत गावानं त्याला जो देव केला, तो कायमचा. सरकारी दवाखाना रोज वेळेवर उघडला असता, तिथं कुणी माणसासारखं बोललं असतं, तर मुंजाजीच्या लिंबाला एकही बाटली लटकली नसती. ज्यांनी ते कुलूप तसंच ठेवलं, त्यांचीही मला तेवढीच घाण वाटते.

भांडं फुटलं ते आमच्या शाळेत. एका जयंतीला तरुण पोरांनी रक्तदान शिबिर ठेवलं. ज्ञानोबा हौशी माणूस. रक्त देताना अंगठा वर करून फोटो काढला, तो मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला फोन आला, भेटून जा म्हणून. हा नवा शर्ट घालून परभणीला गेला. त्याला वाटलं, सत्कार असेल. परत आला तो माझ्या ओट्यावर बसून राहिला.

‘रक्तात पांढरी कावीळ निघाली म्हणत्यात,’ तो मला म्हणाला. ‘मला तर कायबी होत न्हाई बाई. मशीनच खराब असंल त्यांची.’

मशीन खराब नव्हती. भावकीतल्या आणखी काही जणांना तसेच फोन आले होते. आशा तेव्हा पोटुशी होती. मी शाळेला रजा टाकली आणि तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिच्याही रक्तात तेच निघालं. नंतर राधाबाईंच्याही. तिथल्या डॉक्टरबाईंनी आशाला समोर बसवून नीट सांगितलं. हा आजार रक्तातून जातो. कुणाकडून कुणाला गेला ते आता सांगता येणार नाही, नवऱ्याकडूनही येतो, सुईतूनही येतो. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, काहींचं लिव्हर खातो. पण बाळाला वाचवता येतं. बाळंतपण दवाखान्यात करायचं, जन्मल्या दिवशीच बाळाला लस द्यायची आणि पुढचे डोस चुकवायचे नाहीत.

‘आणि गावाकडची सुई?’ मी विचारलं.

डॉक्टरबाई आशाकडं बघत म्हणाल्या, ‘इथं आम्ही लेकराला वाचवायचं आणि घरी नेऊन तुम्ही तीच सुई टोचायची, असं करू नका.’

परतीच्या एस.टी.त आशा खिडकीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. म्हणाली, ‘बाई, आमच्या घरात लेकराच्या बारशाला डॉक्टर येत्यात. त्यांना टॉवेल-टोपी करायची अन् लेकराला पयली ताकदीची सुई त्यांच्या हातानं. घरचीच. माझ्या नवऱ्याला बी तशीच देल्ती, थोरल्याला बी. आता मी काय करू?’

त्या दिवसापासून आशाच्या मनात तो एकच घोर होता, आणि माझ्याही.

आरोग्य केंद्रात त्याच सुमारास एक नवीन डॉक्टर पोरगी आली होती. विदर्भातली, नोकरीत कोवळी, पण धडाडीची. तिनं मुंजाजीच्या दवाखान्याबद्दल वर कळवलं आणि तालुक्याहून पथक निघालं. पथक निघाल्याची बातमी पथकाच्या आधी गावात पोचली. मग मी जे पाहिलं ते आजही आठवलं की कपाळ उठतं. सगळं गाव कामाला लागलं. बाजा गोठ्यात गेल्या. बाटल्या कडब्याच्या गंजीत गेल्या. आकडे तारेसकट लिंबावरून उतरले. पत्र्याच्या खोलीत पेंडीची पोती रचली. आमच्या गावात पाण्याची टाकी गळत होती, मोरी तुंबली होती, त्यासाठी चार माणसं कधी एकत्र आली नाहीत. त्या दिवशी मात्र काय एकी! पथकाची जीप आली तेव्हा मुंजाजी पोत्यांपुढं बसून पेंडीचा भाव सांगत होता. साहेबांनी पोतं हातानं दाबून पाहिलं, सरपंचाकडं चहा घेतला आणि पंचनाम्यावर सह्या करून निघून गेले. संध्याकाळी लिंबाला पुन्हा बाटल्या लटकल्या.

ती पोरगी मात्र जीपमध्ये बसून गेली नाही. तिनं मारुतीच्या पारावर लोकांना जमवलं आणि सरळ सांगितलं, ‘एकच सुई घरात सगळ्यांना लावल्यामुळं तुमच्या घरात कावीळ फिरतेय.’

 एकदम गलका झाला. ‘तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं तवा तुमी कुटं होत्या?’ ‘आमच्या डॉक्टरला चोर म्हणतीस व्हय?’ ‘घरच्याचं घरच्याला कसं लागंल, आमी काय परके हावोत एकमेकाला?’ त्या पोरीला उत्तरं देता येईनात असं नव्हतं, तिला बोलूच देईनात. आणि मग मुंजाजी उठला. हात जोडले. डोळ्यांत पाणी.

‘बाईसायब शिकलेल्या हाईत,’ तो म्हणाला. ‘मी अडाणी माणूस. चुकलं असंल तर गावानं मला आताच्या आता हाकलावं.’

गावानं त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सगळ्यात पुढं ज्ञानोबा होता. ज्याचा बाप गेला, ज्याचा भाऊ गेला, ज्याच्या रक्ताचा कागद घरात पडलेला, तो ज्ञानोबा ओरडून सांगत होता, ‘माझा बाप डॉक्टरच्या हाताखाली मेला, दुसऱ्याच्या न्हाई. ह्यो आमचा मान हाय.’ मी पाराच्या कडेला उभी होते. तिथून तडक घरी गेले.

आशाला मुलगी झाली. परभणीतच झाली, कारण दिवस भरत आले तशी आशा पोट दुखतंय म्हणून खोटंच विव्हळली आणि दवाखान्यात जाऊन बसली. लस पहिल्याच दिवशी टोचली. घरी आली आणि बारशाची बोलणी सुरू झाली.

‘डॉक्टरला निरोप धाडा,’ राधाबाई म्हणाल्या.

‘धाडा. पर मपल्या लेकराला सुई टोचायची न्हाई,’ आशा म्हणाली.

आशा बाळंतीण म्हणून दूध न्यायला मीच गेलेली, पातेलं घेऊन दारातच उभी होते. राधाबाईंचा आवाज चढला. ‘तुपला नवरा त्याच सुईवर वाढला गं. काय झालं त्याला?’

‘अन् तुमचा थोरला?’

राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. ज्ञानोबा आशाच्या अंगावर धावला, पण हात उगारला तो उगारलेलाच राहिला, बहुधा मला पाहून. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात आशाशी कुणी धड बोललं नाही. तिच्या पुढ्यात ताट आदळायचे. ती बाळाला मांडीवर घेऊनच जेवायची, झोपायचीही त्याला अंगाशी बांधून. ‘मी मोरीवर गेले अन् तेवढ्यात कुणी नेलं तर?’ ती मला म्हणाली. स्वतःच्या घरात स्वतःच्या लेकराचा पहारा करायची वेळ तिच्यावर आली होती, आणि ज्याच्यामुळं आली तो समोर लिंबाखाली चहा पीत होता.

बारसं मात्र झालंच नाही. मुंजाजीच आजारी पडला. आधी पाय सुजले, मग पोट. डोळे पिवळे झाले. गावाला वाटलं दृष्ट लागली. स्वतःच स्वतःला सलाईन लावून तो काही दिवस लिंबाखाली पडून राहिला, आणि मग त्याच्या मुलानं त्याला परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरशिवाय बारसं कसं करायचं, म्हणून पाळणा तसाच राहिला. शेवटी ज्ञानोबानं तोड काढली. ‘सुई ऱ्हाऊ दे. तू म्हणतीस तसं. पर लेकराला त्यांच्या पायावर तरी घालू. त्यांनी हात फिरवला की बारसं उरकून घेऊ.’

आशा तयार झाली. घरातली धुसफूस तिलाही नकोशी झाली असेल. मला म्हणाली, ‘बाई, तुमी चला संगं. तुमी असल्या की मला बरं वाटतं.’

दुपारची वेळ होती. खोलीत फळांच्या पिशव्या, उदबत्तीचा वास, भिंतीला टेकून गावची माणसं. मुंजाजी उशाला टेकून बसला होता. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं वर आलेलं. मला पाहून त्यानं मान हलवली. ज्ञानोबा गेल्या गेल्या पायाशी बसला आणि त्याचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपायला लागला. आपल्या बापाचे चेपले असतील तसेच. आशानं बाळाचं टोपडं सारखं केलं, पदर डोक्यावर घेतला आणि बाळाला दोन्ही हातांवर धरून ती पलंगाशी वाकली.

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आत आली. मुंजाजीनं पाठ एकदम ताठ केली.

‘थांबा,’ तो म्हणाला. आवाज मऊ नव्हता. ‘सुई नवीन हाय का?’

‘नवीनच आहे काका.’

‘तसं न्हाई. पाकीट कुटंय? माझ्यासमोर फोडा. आदी कुणाला लावलेली असंल तर?’

सिस्टरला हसू आलं. ‘काका, इथं कुणी तसं करत नाही.’

‘माणसाचं काय सांगता येतंय,’ मुंजाजी म्हणाला. ‘मला दिसू द्या फोडलेलं. त्याबिगर मी हात देणार न्हाई.’

ज्ञानोबाचा चेहरा अभिमानानं फुलला. पाय चेपता चेपता तो माझ्याकडं वळून म्हणाला, ‘बघा बाई, एवढ्या बिमारीतबी डॉक्टरसायबाचं किती ध्यान हाय!’

आशा अर्धी वाकलेली होती. बाळ त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर. ती तशीच थांबली, मग हळूच सरळ झाली. बाळाला छातीशी घेतलं आणि त्याच्यावरून पदर ओढला.

‘अगं, पाया तर पडू दे लेकराला,’ ज्ञानोबा म्हणाला.

‘तुमी बी उठा तिथून,’ ती म्हणाली. ‘हात धुवा अन् चला.’

भिंतीला टेकलेली माणसं तिच्याकडं बघायला लागली. ज्ञानोबा काही उठला नाही. त्याचे हात मात्र पायांवर थांबले. आशा दारातून बाहेर पडली आणि मी तिच्या मागं निघाले. दारात मी एकदाच वळून पाहिलं. मुंजाजीनं आमच्याकडं, त्या बाळाकडं, मांडीवर पाय घेऊन बसलेल्या ज्ञानोबाकडं, कुणाकडंच पाहिलं नाही. त्याचे पिवळे डोळे सिस्टरच्या बोटांवर होते. पाकीट फाटल्याचा आवाज आला, आणि तेव्हा कुठं त्यानं हात पुढं केला.